सनवाले सुकाजी

सुकाजी कटऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या शाळेच्या विहिरीचा दोर चावत होते.

सालेकशापासून दीड कोसावर करमटोल्याच्या प्राथमिक शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. वर्ध्याकडचा माणूस, इथली बोली कानाला नवी, जंगलाची भीती वाटायची. सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेलो तर पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस विहिरीच्या कठड्यावर बसलेला. दोराचं टोक उकलून त्यातला एक धागा त्यानं दाढेखाली धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. गावात एखादा वेडा असतोच, असं मनाशी म्हणून मी बाजूला उभा राहिलो.

"नारळाचा आहे," डोळे न उघडता तो म्हणाला. "पान्यात टिकते. पर गाठ धरत नाई. एक दिवस घागर गमावाल, गुरुजी."

आठवडाभरात घागर गेली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पांढऱ्या, मऊ, नव्या दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन आला, रहाटाला स्वतः बांधून दिला आणि निघून गेला. शेजारच्या ओसरीवरून कोणीतरी म्हणालं, "सनवाला होता तो. आता आंघोळ करा, गुरुजी."

देशावर ज्याला ताग म्हणतात, त्याला तिकडे झाडीपट्टीत सन म्हणतात. पुरुषभर उंचीचं सरळसोट झाड, पिवळी फुलं, आणि सालीत लांबच लांब धागे, म्हणजे वाख. विलायतेत भांगेच्या जातीच्या एका झाडापासून असाच वाख काढतात. जहाजांचे दोर आणि शिडाचं कापड त्याचंच होतं. आपला सन त्याच्या जागी चालतो, आणि गोरे व्यापारी दोघांना एकाच नावानं ओळखतात. हे सगळं मला नंतर सुकाजींनीच सांगितलं. मला लिहिता-वाचता येत होतं, त्यांना येत नव्हतं. पण या बाबतीत शिकवणारे ते होते.

त्यांना हे कळलं इराकातल्या बसऱ्याला. पहिल्या महायुद्धात मजुरांच्या एका टोळीबरोबर ते तिकडे गेले होते, जहाजांतला माल उतरवायला. तिथे मांडीएवढा जाड दोर त्यांनी पाहिला. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा धक्क्यावर वाखाच्या गाठी उतरल्या. गाठीवर काय लिहिलंय ते एका बंगाली बाबूनं वाचून दाखवलं: माल आपल्याच मध्यप्रांतातला होता.

"आपल्या गावात ज्याले हात लावला तं आंघोळ करा लागते," सुकाजी सांगायचे, "त्याच्यावर जहाज उभं होतं, गुरुजी. हजार मानसाचं जहाज. मी त्या बाबूले दोनदा वाचाले लावलं."

आंघोळीची गोष्ट खरी होती. सन कुजवावा लागतो. कापलेल्या काड्यांच्या जुड्या पाण्यात दगडाखाली दाबून आठ-दहा दिवस ठेवायच्या, मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकेक काडी सोलायची. घाण इतकी सुटते की अंगाला चार दिवस वास राहतो. पाण्यातले जीव मरतात. म्हणून पवारांसारखी भातशेती करणारी मानाची जात सनाला शिवत नसे. वापरायला दोर हवेत, पण सन पेरणारा हात आपल्या पंगतीत नको. सुकाजी जातीनं पवार होते. बसऱ्याहून आले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी बांधाकडच्या उंच तुकड्यावर सन पेरला. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, हेच जातीचे मुख्य पंच. त्यांनी बोलावून विचारलं, "काऊन पेरला?" सुकाजींनी जहाजाची गोष्ट सांगितली. पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकलं.

मी गेलो तेव्हा याला बरीच वर्षं झाली होती. बायको वारली होती. घरात ते आणि मुलगी फुलवंता. घरातली प्रत्येक वस्तू सनाची: खाटेची नवार, बैलांची दावी, शिंकी, चुलीजवळचं बसकर, इतकंच काय, पावसात घालायचे जोडेसुद्धा. कमरेला चांदीच्या करदोट्याऐवजी सनाची तीन पदरी दोरी. बोलताना त्यांची बोटं रिकामी नसत. मांडीवर वाख ठेवून पीळ देत राहायचे, आणि समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की पीळ थांबायचा. शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले आणि "येत्या वर्षी इमारत मंजूर होईल" म्हणाले, तेव्हा सुकाजींचा हात थांबलेला मी पाहिला. इमारत झाली नाही.

त्यांचं एक वेड मात्र सगळ्या गावाला पाठ होतं. गोंदियाला भाताच्या गिरण्या निघाल्या होत्या. तांदूळ पोत्यांत भरून मुलूखभर जायचा, आणि पोती यायची कलकत्त्याहून. हे त्यांना सहन होत नसे. "भात आपला, गिरणी आपली, हमाल आपला," ते म्हणायचे, "अना बारदान कलकत्त्याचं कायले? एवढी बांधाची जागा पडून आहे. तिथं सन लावा. ढिवरायले जाळ्याचं सूत, गाडीवाल्यायले दोर, गिरनीले पोतं. सगळं इथंच."

एकदा जुने दोर कुटून त्यांनी कागद केला. आठ दिवस उखळात कुटणं चाललं होतं. कपड्यावर लगदा पसरून वाळवला आणि तो तपकिरी, जाडाभरडा ताव दोन्ही हातांनी धरून शाळेत आले. "लिहा काई."

"काय लिहू?"

"बारदान लिहा."

मी बोरू टेकवला. पहिलंच अक्षर फुटून रुपयाएवढा डाग पसरला. मला हसू आलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "शाई पिते," म्हणाले. "म्हंजे तहान आहे त्याले. आनखी कुटा लागन." कागद पुन्हा कधी झाला नाही, पण तो ताव त्यांनी घडी न घालता नेला.

ते चुकले नाहीत असं नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी गावाच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सन कुजवला. बोडी लहान, पाणी थोडं. ढिवरटोलीचा डोमा तिथे मासे पाळायचा. एका सकाळी डोमा मेलेल्या माशांची टोपली घेऊन आला आणि त्यांच्या अंगणात ओतून गेला.  सुकाजींनी मासे गोळा करून शेतात पुरले, आणि त्याच दिवशी स्वतःच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, सगळ्यांत चांगल्या काळ्या जमिनीत, खड्डा खणायला घेतला. सनाचा खड्डा म्हणून मजूर येईना. एकट्यानं खणला. पुढे सन तिथेच कुजायचा. गावच्या मोठ्या तलावाकडे काय, ओढ्याकडेसुद्धा त्यांनी ते पाणी जाऊ दिलं नाही. आणि दरवर्षी पहिला, सगळ्यांत लांब वाख ते डोमाच्या घरी पोचवायचे, जाळ्यासाठी. डोमा घ्यायचा. दोघं मग पायरीवर बसून बिडी ओढायचे. मैत्री म्हणावी इतकं ते बोलत नव्हते, पण गावात सुकाजींच्या शेजारी बसणारा तेवढाच एक होता. नंतर मीही बसू लागलो. मास्तर परगावचा, त्याला कोण विचारतो.

फुलवंता वडिलांसारखीच उंच. खड्ड्यात उतरून सन सोलायची तेव्हा तिचा हात दिसत नसे, इतका चपळ. आश्विनातल्या गार पाण्यानं तिच्या बोटांना भेगा पडत. त्यांना ती तेल लावत बसायची आणि बापाशी भांडायची. "तुमच्या जहाजात मी बसली नाई ना, बाबा. मंग मले काऊन वास?" ते खाली मान घालून पीळ देत राहायचे.

तिचं लग्न जमेना. शेवटी तिच्या मामानं बालाघाटकडचं एक बिजवराचं स्थळ आणलं. माणसं बरी होती. अट एकच: लग्न मामाच्या घरून होईल आणि बाप मांडवात बसणार नाही.

मामा हे सांगत होता तेव्हा मी तिथे होतो. सुकाजींचा हात चालूच होता. मान वर न करता म्हणाले, "बाहेर बसलो तं चालन का?"

मामा म्हणाला, "बाहेर बसा."

लग्नाला मी त्यांच्यासोबत गेलो. चैत्राचं ऊन. मांडवाबाहेर, जिथे वऱ्हाडाच्या गाड्या सोडल्या होत्या, तिथे मोहाच्या झाडाखाली आम्ही दोघं बैलांच्या मध्ये बसलो. आत मंगलाष्टकं सुरू झाली. सुकाजींनी मूठभर अक्षता घरून धोतराच्या सोग्यात बांधून आणल्या होत्या. ते उठून उभे राहिले, आणि दर वेळी "सावधान" ऐकू आलं की मांडवाच्या दिशेनं चार-चार दाणे टाकायचे. ते बैलांच्या पुढ्यात पडायचे. एका बैलानं जीभ काढून ते चाटले. मी दुसरीकडे पाहिलं.

निघताना फुलवंता गाडीजवळ आली. रडली नाही. "जेवले का?" एवढंच विचारलं. ते "हो" म्हणाले. आम्ही जेवलो नव्हतो.

"तेव्हा सन सोडता आला असता," परतीच्या वाटेवर मी बोलून गेलो. सोडून दंडाचं जेवण घातलं असतं तर पंचांनी आत घेतलं असतं, हे मला माहीत होतं.

"सोडला असता तं ती बाहेर बसवनारी मानसं बरोबर ठरली असती," ते म्हणाले. मग थोडं चालून, हळू आवाजात, "तिच्यासाठी सोडाले पाह्यजे होता. मले कळते, गुरुजी. पर हात ऐकत नाई."

मग दुसरी लढाई आली. तंबू हवे होते, दोर हवे होते, तोफा झाकायला जाळ्या हव्या होत्या. एक दिवस गोंदियाचा एक ठेकेदार बैलगाडीतून करमटोल्यात उतरला. सफेद टोपी, तोंडात पान. मालगुजारांच्या ओसरीवर बसून त्यानं सांगितलं की सन कितीही पिकवा, सरकारसाठी सगळा उचलतो. महिनाभरात गावाचं सोवळं गळून पडलं. मालगुजार स्वतः सुकाजींच्या अंगणात आले, पहिल्यांदाच. उभ्यानंच म्हणाले, "सुकाजी, बी आहे का?"

सुकाजींनी कणगी उघडून दिली. सगळ्या गावाला बी दिलं. कसं पेरायचं, किती दाट, केव्हा कापायचं, हे सांगत घरोघर फिरले. इतकं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मान थोडी वर गेली होती. बांधाबांधावर सन उभा राहिला, आणि भाद्रपदात सगळा शिवार पिवळा झाला. ते मला बाहीला धरून शिवारात घेऊन गेले. एकेक बांध बोटानं दाखवला.

त्याच सुमारास जातीच्या एका पंगतीत त्यांना बोलावणं आलं. कुणी माफी मागितली नाही, कुणी ठराव केला नाही. पान मांडलं आणि बसा म्हणाले. सुकाजी पानासमोर उभे राहिले. "बसतो," ते म्हणाले. "पर फुलवंताच्या लग्नात आता कुठं बसवाल मले?" वाढणारा पुढच्या पानाकडे सरकला. मग ते बसले आणि जेवले. नंतर त्यांनी मला बालाघाटला पत्र लिहायला लावलं: आता काही अडचण नाही, माहेरी ये. उत्तर मामाकडून तोंडी आलं. फुलवंता म्हणाली होती, "आता सवय झाली."

कापणी झाली आणि खरी अडचण पुढे आली. एवढा सन कुजवायचा कुठे? सुकाजी म्हणाले, खड्डे खणा. ज्याचा सन त्याचा खड्डा. कोणाला वेळ होता? ठेकेदाराला दिवाळीआधी माल हवा होता. गावानं जुड्या तलावात दाबल्या. गुरं तिथेच पाणी पीत, ढिवरटोलीची बायामाणसं तेच पाणी भरत.

सुकाजी मालगुजारांकडे गेले, ठेकेदाराकडे गेले. ठेकेदार हसला. "अरे पटेल, लड़ाई का टाइम है. मच्छी देखूँ कि माल?"

"माल बी खराब होते, सेठ. कचऱ्यासंग बांधून राहिले लोक. असा दोर तुटन."

"टूटेगा तो उधर टूटेगा," ठेकेदार म्हणाला.

मग ते माझ्याकडे आले. "गुरुजी, साहेबाले अर्ज लिहा. तलाव मरून राहिला."

मी लिहितो म्हणालो. शाळा मालगुजारांच्या जागेत होती; माझी खोली त्यांची, छपरावरची कवेलूही त्यांनीच दिलेली. मी उद्या लिहितो म्हणालो, मग परवा. ते चार वेळा आले. चौथ्या वेळी माझ्यासमोर बसून पीळ देता देता त्यांचा हात थांबला. उठले आणि गेले. अर्ज मी लिहिला नाही. इतक्या वर्षांनी हे सांगायला मला कोणी विचारलेलं नाही. पण सुकाजींविषयी लिहायचं आणि हे गाळायचं, हे जमत नाही.

तलाव काळा पडला. आधी मासे वर आले, पांढरी पोटं घेऊन, काठाकाठानं. मग ढिवरटोलीत हगवण लागली. डोमाची बायको तीन दिवसांत गेली. तिच्या मातीला गावातून सुकाजी एकटेच गेले. मी घाटाच्या अलीकडे उभा होतो. डोमा त्यांना म्हणाला ते मला ऐकू आलं.

"सुकाभाऊ, तुमी खड्डा खनला होता. तुमाले मी काई म्हनत नाई. पर आता इथं रावत नाई."

पंधरवड्यात डोमा आणि त्याच्या सोबतची चार घरं जाळी गुंडाळून दरेकशाकडे निघून गेली. जाताना सुकाजींनी दिलेल्या वाखाचं सूत डोमानं आपल्या घराच्या पायरीवर ठेवून दिलं होतं. ते तिथेच पडून राहिलं. सुकाजींनी उचललं नाही, दुसऱ्या कोणी उचलायची हिंमत केली नाही.

पुढची दोन-तीन वर्षं गावानं तसाच सन काढला. सुकाजींनी पेरला नाही. विचारलं तर म्हणायचे, "बी संपलं." आणि मग लढाई संपली. त्या साली सालेकशाच्या स्टेशनाबाहेर गावाच्या सनाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या. ठेकेदार आलाच नाही. निरोप पाठवला की सरकारनं मागणी बंद केली. गाठींवर एक पावसाळा गेला. काळ्या पडल्या, त्यांना बुरशी आली, वासानं फलाटावर उभं राहवेना. आणि गावाचं बोट पुन्हा सुकाजींकडे वळलं. यानंच शिकवलं, यानंच बी दिलं. मालगुजारांच्या ओसरीवर हे बोलणं चाललं होतं तेव्हा सुकाजी समोरून जात होते. थांबले. "हो," म्हणाले, "मीच दिलं." आणि पुढे गेले.

त्या दिवसांत शाळा सुटली की मी घरी थांबत नसे. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असत. रिकाम्या बोटांचं काय करावं हे त्या बोटांना माहीत नव्हतं. ती मधूनच एकमेकांवर घासायची आणि थांबायची. एकदा म्हणाले, "त्या जहाजाचा दोर कोनी कुजवला असन, गुरुजी? कोनत्या गावात? कोनाचं तळं?" बोटं पुन्हा एकमेकांवर घासली. "मी त्या बाबूले हे विचाराले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "मी नुसतं मुलखाचं नाव विचारलं."

माझी बदली झाली ती सत्तेचाळीसच्या श्रावणात. देश स्वतंत्र व्हायला काही दिवस उरले होते; सालेकशाच्या स्टेशनात लोक त्याच गोष्टी बोलत होते. निघण्याच्या सकाळी मी सुकाजींच्या घरी गेलो तर दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, पहाटेच शेतात गेले. निरोप न घेताच मी निघालो.

त्यांचं शेत रुळालगत होतं. चढावर गाडी मंदावली तेव्हा ते दिसलं. ज्या बांधीत कधी खड्डा खणला होता तिथला खड्डा त्यांनी बुजवला होता, आणि त्या बांधीत सन उभा होता, छातीइतका, गच्च हिरवा, कुठे कुठे पहिलं फूल आलेलं. बी संपलं नव्हतं तर. भर चिखलात सुकाजी नांगर धरून त्या उभ्या पिकातून बैल हाकत होते. हिरवा सन आडवा पडत होता, फाळाखाली जात होता, आणि मागे काळं पाणी त्याच्यावर मिटत होतं. धानाला असं खत मानवतं, एवढं मलाही माहीत होतं. बांधावर रोपांच्या जुड्या ठेवलेल्या होत्या. लावायला मात्र कोणी आलेलं दिसलं नाही.

मी डब्याच्या दारात उभं राहून हात हलवला, हाकही मारली. ते शेताच्या टोकाशी पोचले होते. त्यांनी बैल फिरवले आणि पाठ करून नांगराचं पुढचं तास धरलं.